कौल घेऊन आणलेली गाडी

परवा गॅरेजवाल्याने माझ्याच गाडीच्या इंजिनाचे फोटो मला मोबाइलवर पाठवले. काळं, तेलकट, झाकण काढलेलं. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, काम मोठं आहे. करायचं की नाही ते सांगा.’ मी ते फोटो परदेशातल्या मुलाला पाठवले, तर त्याचा लगेच फोन. ‘आई, काढून टाक ना ती. जातेस कुठे तू गाडीतून? भाजीला?’ खरंच आहे म्हणा. मुलुंडच्या ह्या घरातून माझी गाडी निघते ती बँकेपर्यंत, नाहीतर डॉक्टरपर्यंत, आणि बाजूच्या सीटवर सोबतीला माझी पर्स. पण ‘काढून टाक’ म्हणायला त्याला जराही विचार करावा लागला नाही, ह्याचा मला राग आला. आमच्या घरात हाच प्रश्न एकदा उभा राहिला होता, तेव्हा तो थेट देवाला विचारायचं ठरलं होतं. देव कोकणातला, गाडी घाटकोपरची, आणि मधे सगळे घाट.

बाबा ड्रायव्हर होते. एका कंपनीच्या साहेबाची गाडी चालवायचे. साहेबाने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी बाबांना देऊ केली. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या ड्रायव्हरच्या दारात गाडी! नाकापेक्षा मोती जड, असं बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणून घेतलं. बाबाही कचरत होते. आईने सरळ गावचा रस्ता धरला आणि देवाला कौल लावून आली. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, म्हैस घेणं असो, कौलाशिवाय पान हलत नाही. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवतो, तुमचा प्रश्न देवाच्या कानावर घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको म्हणाला. आईच्या प्रश्नाला उजवी पडली. झालं, गाडी घरी आली. पांढरी, गिअर स्टिअरिंगलाच असलेली, उन्हात तापली की मांड्या भाजतील अशा रेक्झिनच्या लांबलचक सीटांची.

त्या गाडीत ज्याची त्याची जागा ठरलेली. बाबा स्टिअरिंगला, शेजारी आई, आणि मी मागे, डाव्या कोपऱ्यात, काचेशेजारी सीटला डोकं टेकून. आई रेक्झिनवर टर्किशचा टॉवेल घालून बसायची. तिचे नियमही ठरलेले. गाडीत चिवडा खायचा नाही. दार आपटायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मधल्या आरशात बघायचं नाही. लहानपणी मी त्या आरशात बघून बाबांना जीभ काढून दाखवायची आणि बाबा हसायचे. एकदा हसता हसता त्यांनी कचकन ब्रेक दाबला. तेव्हा आईने पाठीत धपाटा घालून सांगितलं, ‘आरसा ड्रायव्हरचा असतो. तू बघितलंस की त्यांचं लक्ष जातं. परत बघशील तर याद राख.’ तेव्हापासून मी बाहेर बघायची, नाहीतर बाबांच्या मानेकडे. ती मान मला आजही चित्रासारखी आठवते. उन्हाने रापलेली, आडव्या सुरकुत्या पडलेली, कॉलरच्या वर पांढऱ्या केसांची बारीक कड असलेली.

आई गेली तेव्हा मी नववीत होते. आजारपण फार लांबलं नाही, एवढंच लिहिते, जास्त लिहवत नाही. तिच्यामागे आमच्या घरात शांतता आली, आणि ती शांतता मला त्या दुखवट्यापेक्षा नकोशी झाली. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तर त्या आपल्या नव्हेत. वरच्या मजल्यावरच्या रेडिओवर भावगीतं लागली की मी आमच्या खोलीचं दार उघडं ठेवायची, तेवढाच घरात माणसाचा आवाज. बाबा संध्याकाळी यायचे, हातपाय धुवायचे, कुळथाची पिठी आणि भात टाकायचे. पिठी छान करायचे हो, लसणाची फोडणी जिन्यापर्यंत यायची. पण ताट पुढ्यात ठेवून ‘जेव’ म्हणायचे आणि तिथेच संपलं. जेवण झालं की खिडकीपाशी स्टुलावर बसायचे, माझ्याकडे पाठ करून, खाली लावलेल्या गाडीकडे बघत. मी दिव्याखाली अभ्यासाला बसायची. एक वाक्य वाचायचं आणि त्यांच्या पाठीकडे बघायचं. वाटायचं, ह्या पाठीला एक तोंड असतं तर किती बरं झालं असतं.

आणि हाच माणूस गाडीत बसला की बोलायचा! मला आधी खरंच वाटेना. रविवारी आम्ही वाकोल्याला आत्याकडे जायचो, तिथून पुढे उगाच पार्ल्यापर्यंत, बिस्किटांच्या कारखान्याचा वास घ्यायला. गाडी गल्लीतून बाहेर पडून तिसऱ्या गिअरमध्ये पडली की बाबांची जीभ सुटायची. समोर रस्त्याकडे बघत, एकसुरी आवाजात. साहेबाच्या बायकोने कुत्र्यासाठी स्वेटर विणला. गावी आंब्याला ह्या वर्षी मोहोर बरा आहे म्हणतात. इथे पूर्वी नुसती झाडी होती, कोल्हे ओरडायचे. आई लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा तिला नळाची तोटी बंद करायची असते हेच माहीत नव्हतं, सगळ्या चाळीचं पाणी गेलं. मधेच म्हणायचे, ‘ऐकलंस ना?’ आणि मी मागून ‘हो’ म्हणायची. पुढची डावी जागा रिकामीच असायची. टॉवेल घडी घालून तसाच. तिथे बस असं ते मला कधी म्हणाले नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही. मागून मिळत होतं तेवढं मला पुरत होतं. आठवडाभर मी त्या रविवारची वाट बघायची.

म्हणूनच गाडीतून निळा धूर यायला लागला तेव्हा मला पहिली काळजी रविवारची पडली. आधी थोडा, मग इतका की मागचे स्कूटरवाले शिव्या घालून पुढे जायचे. चढावर दम टाकायची, सकाळी चालू व्हायला रडायची, आणि तेल तर नुसतं प्यायची. आमच्या नाक्यावरच्या सलीमभाईंनी बॉनेट उघडून कान लावला, आणि मान हलवली. ‘काका, पिस्टनच्या रिंगा गेल्या हिच्या. वरवरचं काम नाय चलणार. इंजिन उतरवून बांधायला लागेल, नाहीतर काढून टाका.’ मग स्टिअरिंगला बसून गाडी सुरू करून बघताना म्हणाले, ‘और ये आरसा किती तिरका आहे तुमचा! सीधा करतो.’ ‘हात लावू नका,’ बाबा म्हणाले. इतकं तोडून की सलीमभाईंनी हात मागे घेतला. मला वाटलं, इंजिनाचं ऐकून बिथरले असतील.

बांधायचं की काढायचं? बाबांना ठरवता येईना. एवढी वर्षं गाड्या हाकलेला माणूस, दुसऱ्याच्या गाडीचं इंजिन नुसतं ऐकून निदान सांगायचा, पण स्वतःच्या गाडीपुढे त्याचं डोकं चालेना. खिडकीपाशी बसणं वाढलं. रविवारच्या फेऱ्या बंद झाल्या, ‘तिला त्रास नको’ म्हणून. म्हणजे माझं मिळायचं तेही गेलं. मी मनातल्या मनात ओरडायची, बाबा, बांधा ना ते इंजिन, काय वाट्टेल ते करा, पण बांधा! तोंडातून मात्र ‘पाणी देऊ?’ एवढंच निघायचं.

दिवाळी झाल्यावर आत्या आली. बाबांची थोरली बहीण, वाकोल्याची, आवाज असा की खालच्या मजल्यावरच्यांनी चहा टाकावा. सगळं ऐकून घेतलं आणि तिने मांडीवर थाप मारली. ‘कौल घेवन हाडलेली गाडी, ती कौल घेतल्याशिवाय काढूची नाय आणि बांधूची पण नाय. देवाक विचार.’

‘मी पुढच्या म्हयन्यात बसने जावन विचारतंय,’ बाबा म्हणाले.

‘बसने? ज्याचो कौल तेका देवाच्या दारात नेवक नको? माणूस आजारी असलो तर तेका नेतत की नाय?’

‘अगो बाय, ती घाट चढाची नाय.’

‘चढतली. देव चढवतलो.’

आता सांगा. जी गाडी धड चेंबूरपर्यंत जाईल की नाही शंका, ती कोकणात न्यायची, कशाला, तर ती कोकणात जाण्यालायक आहे का हे विचारायला! आज हसू येतं. पण तेव्हा त्या खोलीत कुणीच हसलं नाही, आणि बाबा चक्क तयार झाले. मला वाटतं त्यांना निर्णय नको होता, त्यांना गाडी चालवायला निमित्त हवं होतं. आणि मला? मला तर आनंदाचं भरतं आलं. मुंबई ते गाव म्हणजे सगळा दिवस बाबा बोलणार. मी रात्रीच पाण्याची बाटली भरून ठेवली.

निघताना पहिलं खटकलं ते जागेवरून. आत्या नारळ, फुलं, उदबत्त्यांची पिशवी घेऊन पुढचं दार उघडायला गेली. ‘माका मागे बसान मळमळता.’ बाबा म्हणाले, ‘तू मागेच बस.’ ‘अरे, पण ही जागा रिकामी…’ ‘मागे बस म्हटलंय ना.’ आत्या माझ्या शेजारी येऊन धपकन बसली, तोंड फुगवून. बॉनेटवर दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून गेला होता, तसाच घेऊन गाडी निघाली. गल्ली संपली, तिसरा गिअर पडला आणि बाबा सुरू झाले. मोहोर, साहेब, गावच्या शेजाऱ्याची बांधावरून भांडणं. मी कान टवकारून बसले. आत्याने थोडा वेळ ऐकलं, रिकाम्या जागेवरच्या टॉवेलकडे बघितलं, मग माझ्या कानाला तोंड लावून, आत्याला जमेल तेवढं हळू, म्हणाली, ‘तो तुझ्यावांगडा बोलणा नाय गो. तुझ्या आवशीवांगडा बोलता. बिचारो.’

तुझ्याशी नाही, तुझ्या आईशी बोलतो. आत्याने आपल्या परीने भावाची कीव केली, एवढंच. पण मला ते सोडवेना. मी एकेक रविवार आठवून बघायला लागले. त्यांनी कधी माझं नाव घेतलं होतं? नाही. कधी मान वळवली होती? नाही. सगळ्या गोष्टी आईला आवडतील अशाच होत्या, साहेबाच्या बायकोच्या, गावच्या. ‘ऐकलंस ना’ हे तिला, आणि मी वेडी मागून ‘हो, हो’ म्हणत होते. आईचा हेवा वाटला मला. गेलेल्या आईचा! लाज वाटली आणि रडूही आलं, आणि मी काचेकडे तोंड फिरवलं. बाबा म्हणाले, ‘ऐकलंस ना?’ मी उत्तर दिलं नाही. मग तेही गप्प झाले.

चेंबूरच्या पुढे गाडीने खोकायला सुरुवात केली. बाबांनी ती मोठ्या रस्त्यावरून माहुलच्या बाजूला वळवली. समोर तेलाच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसत होत्या. आतून काहीतरी ठाणकन वाजलं, बॉनेटमधून वाफ की धूर काय ते उसळलं, आणि गाडी थांबली ती थांबलीच. मागून ट्रकवाले भोंगे वाजवायला लागले. बाबा खाली उतरले, झाकण उघडून बघितलं आणि बंद केलं. मग मला म्हणाले, ‘तू स्टिअरिंगला बस. मी ढकलतो. मागे बघून घे आणि कडेला घे.’ माझी आणि बाबांची उंची तेव्हा एकसारखी होती, मी त्यांच्या चपला घालायची. मी त्यांच्या जागेवर बसले. आत्या पिशवी सांभाळत रस्त्यावर उभी. बाबा आणि दोन वाटसरू मागे गेले. ‘बघ मागे!’ बाबा ओरडले. मी मधल्या आरशात बघितलं.

आरशात रस्ता नव्हता. ट्रक नव्हता, मागची काच नव्हती, ढकलणारे बाबाही नव्हते. आरशात होता मागच्या सीटचा डावा कोपरा. फक्त तेवढाच. माझी पाण्याची बाटली तिथे आडवी पडली होती, आणि रेक्झिनवर जिथे माझं डोकं टेकायचं तिथे खोबरेल तेलाचा काळपट डाग होता. आरसा तिरका नव्हता. जिथे लावायचा होता तिथेच लावलेला होता.

‘अगं, घे की कडेला! झोपलीस काय?’ बाबा मागून ओरडत होते. मी कशीबशी गाडी कडेला घेतली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि हात स्टिअरिंगवरून सुटेनात. बाबा खिडकीशी आले, त्यांना वाटलं मी घाबरले. ‘जमलं की तुला,’ म्हणाले.

आत्याने मात्र वेळ घालवला नाही. पिशवीतून नारळ काढला, तिथेच पुढच्या चाकासमोर उभी राहिली, आणि सुकट वाळत घालणाऱ्या बायका बघत असताना खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा म्हाराजाऽ, ही तुझी गाडी तुझ्या पायाकडे येवक निघालेली, ती हयच रवली. तुझ्या मनात काय आसा ता आमका समाजला. चुकला-माकला पोटात घाल, आणि ह्या बापलेकीक सांभाळ रे म्हाराजाऽ!’ गाऱ्हाण्याला साथ द्यायची असते. बाबा हात जोडून, खाली मान घालून म्हणाले, ‘होय म्हाराजा.’ आत्याने नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, ढकलणाऱ्यांनाही, आणि ‘देवान कौल हयच दिल्यान, आता रडा नको’ म्हणून बसने वाकोल्याला निघून गेली.

आम्हाला ओढून न्यायला एक टेम्पो मिळाला. दोर बांधला. ओढल्या जाणाऱ्या गाडीलाही स्टिअरिंगला माणूस लागतो, म्हणून बाबा आपल्या जागेवर बसले. मग त्यांनी हात लांब करून आईचा टॉवेल उचलला, मांडीवर घेतला, आणि म्हणाले, ‘ये, पुढे बस.’ आत्याचं ते कानातलं बोलणं त्यांनीही ऐकलं असणार. वर्षभर जी जागा मी कधी मागितली नव्हती ती समोर रिकामी होती. मी म्हटलं, ‘नको. मी मागेच बसते.’

मी माझ्या कोपऱ्यात बसले, डोकं त्या तेलाच्या डागाला टेकवलं, आणि आईचा नियम मोडून सरळ आरशात बघितलं. बाबांचे डोळे तिथेच होते. लाल झालेले. ते दचकले, नजर रस्त्याकडे नेली, परत आणली.

‘बाबा, ह्यात मागचा रस्ता दिसत नाही.’

‘रस्त्याला बाहेरचा आरसा आहे ना,’ ते म्हणाले.

इंजिनाचा आवाज नव्हता. नुसता दोर ताणल्याचा कुरकुर आवाज आणि चाकांचा. चेंबूर मागे पडल्यावर ते म्हणाले, ‘काय करूया गं? बांधूया, की काढूया?’ पहिल्यांदा मला कुणी काही विचारत होतं. देवाने उत्तर दिलेलं होतं, तरी विचारत होते.

‘काढूया,’ मी म्हटलं. ‘ती दमली बाबा. पण मग तुम्ही बोलणार कुठे? घरात तर तुम्ही बोलतच नाही. मला फार एकटं वाटतं तिथे.’

आरशातले डोळे मिटले आणि उघडले. ते काहीच बोलले नाहीत. घाटकोपर येईपर्यंत नाहीत, आणि नंतरही दोन-चार दिवस नाहीत. मला वाटलं, संपलं. आपण नको ते बोललो आणि होतं नव्हतं ते गेलं.

कुर्ल्याचा भंगारवाला गाडी न्यायला आला तेव्हा त्याने आत वाकून बघितलं आणि विचारलं, ‘आरसा कुठाय?’ बाबा म्हणाले, ‘तो गाडीबरोबर नाही.’

तो आरसा अजून माझ्याकडे आहे. कडेने पारा उडालाय, मधे तेवढं दिसतं. माझ्या गाडीचं काय करायचं ते मी अजून गॅरेजवाल्याला कळवलेलं नाही. मुलगा रविवारी फोन करतो, आपण काय केलं ते पटापट सांगतो, आणि मी ‘हो, हो’ म्हणते. कधीतरी त्यालाही विचारायला हवं, तू बोलतोस ते कुणाशी रे? पण त्याला मला बघता येईल असा आरसा मीच कुठे लावलाय अजून?

गाडी गेली त्या संध्याकाळी मी क्लासवरून आले, तर बाबा नेहमीसारखे खिडकीपाशी स्टुलावर, माझ्याकडे पाठ करून. पिठी उकळत होती. खिडकीच्या गजाला तारेने काहीतरी घट्ट बांधलेलं दिसलं.

‘हा कशाला?’

‘दाढीला,’ ते म्हणाले.

‘दाढी तर तुम्ही मोरीत करता.’

त्यांनी तारेला आणखी एक पीळ दिला. मी दप्तर काढून दिव्याखाली माझ्या जागेवर बसले, पुस्तक उघडलं, एक वाक्य वाचलं आणि मान वर केली. आरशात बाबांचे डोळे होते. मान वळली नाही, पाठ हलली नाही. थोडं खाकरून, गाडीतल्या त्याच एकसुरी आवाजात त्यांनी विचारलं, ‘आज काय काय झालं गं क्लासात?’ मी सांगायला लागले. खाली गाडीच्या जागेवर कुणीतरी आपली स्कूटर आणून लावली, आणि बाबांनी वाकून बघितलंसुद्धा नाही.